पेरेपत्रकावरचं नाव

टाकळी देशमुख, ता. मेहकर
१२ नोव्हेंबर १९६२

श्री. उत्तमराव देशमुख यांस,

नेहमीचा मायना लिहिला नाही. चरणांना नमस्कार लिहायचा, तर ते चरण कुठे असतात हे तरी माणसाला ठाऊक हवं.

तुमचं पत्र काल तुमचे मुखत्यार माणिकराव यांनी आणून दिलं. तीन वर्षांत मला आलेलं हे तुमचं पहिलं पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि, खोटं कशाला सांगू, मी हात धुऊन आले, मग उघडलं. आत अकरा ओळी. 'देशमुखांच्या घरची बाई मेहकरच्या टिनाच्या थेटरात बाकड्यावर बसून सिनेमा बघते, हे मला अकोल्यात चार लोकांकडून ऐकावं लागतं. घराण्याचा मान ठेवता येत नसेल तर घरात बसावं.' खाली सही. मी कशी आहे, हा प्रश्न नाही. गेल्या उन्हाळ्यात मी दोन महिने विषमज्वराने पडून होते, त्याबद्दल अक्षर नाही. म्हणजे मी जिवंत आहे याची तुम्हाला आठवण व्हायला मला सिनेमाला जावं लागलं!

तर हो, गेले होते. आणि बाकड्यावर नाही, खुर्चीवर बसले होते. तुमच्या चार लोकांना नीट सांगा.

दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही याल असं माणिकराव म्हणाले होते. मी ताट करून ठेवलं. संध्याकाळी झुंबरबाईने ते उचललं. अकरा वर्षं ती या घरात स्वयंपाक करते, तिला काही विचारावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात शाळेच्या गुरुजींच्या पद्मजाबाई म्हणाल्या, मेहकरला बायकांसाठी दुपारचा खेळ आहे, चला. मी छकडा जुंपायला सांगितला आणि आम्ही तिघी गेलो. कोणाची परवानगी घ्यायची होती? भिंतीवरच्या तुमच्या फोटोची?

सिनेमा एका मोठ्या घराण्यातल्या सुनेचा होता. दारात मोटारी, अंगावर सोनं, आणि नवरा घरी नाही. ती उपास करते, नवस करते, त्याच्या आवडीच्या रंगाची साडी नेसून जिन्यात उभी राहते. तो खालच्या खाली गाडीत बसून निघून जातो. शेवटी ती झिजून मरते. मग तो येतो, तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडतो, आणि सिनेमा संपतो.

सगळं थेटर रडत होतं. पद्मजाबाईंचा पदर ओला झाला. माझ्या डोळ्यांत टिपूस आला नाही. मला चीड आली. त्या नवऱ्याची आली, त्या बाईची आली, आणि ज्याने ती गोष्ट रचली त्याची सगळ्यात जास्त आली. बाई मेल्याशिवाय नवऱ्याला रडू येत नाही, आणि एकदा ते आलं की सगळ्यांनी त्याला माफ करून घरी जायचं, हे कोणी ठरवलं?

झुंबरबाई मध्येच मोठ्याने म्हणाली, "बाईसाहेब, हे बाई इतकी रडून काऊन राह्यली? एवढं सोनं हाये अंगावर. उचलाव अन् चालतं व्हाव!"

मागून कोणीतरी म्हणालं, "चूप बसा ना वं बाई, आम्हाले रडू द्या."

मी हसले. अकोल्याच्या लोकांनी तेही सांगितलं असेल.

तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुम्ही म्हणालात, तुला इंग्रजी येत नाही, चार लोकांत तुला कसं न्यायचं? मी गुरुजींकडून पुस्तकं मागवली. चोवीस वर्षांची बाई, दुपारी चुलीपुढे बसून पोरांची पुस्तकं वाचत होते. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. अग्नी तुमच्या चुलतभावाने दिला होता. तुमचं आंघोळीचं पाणी काढून मी म्हणाले, "युवर बाथ वॉटर इज हॉट." घरात सुतक होतं, आणि तुम्ही हसलात. बाहेर ओसरीवर बसलेल्यांना जाऊन सांगितलंत. ते हसले ते मला न्हाणीपर्यंत ऐकू आलं.

त्या सिनेमातल्या बाईला मी काय नावं ठेवू!

पण घराण्याच्या मानाचं मला पुन्हा लिहू नका. तुमच्या आईचं हगणंमुतणं मी काढलं. तुमच्या वडिलांना शेवटचं पाणी मी पाजलं. मान ठेवायला इथे दुसरं कोण होतं?

वच्छला


टाकळी देशमुख
३ डिसेंबर १९६२

श्री. उत्तमराव देशमुख यांस,

माझ्या पत्राचं उत्तर नाही. त्याऐवजी माणिकराव दोन कागद घेऊन आले. तुमचा हा मुखत्यार भला माणूस आहे, पण कागद पुढे करताना त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

मी म्हणाले, "वाचून दाखवा."

"वाचायचं काय त्यात बाईसाहेब, सायबांनी सह्या घ्यायले सांगतलं."

"सही माझी आहे ना? मग वाचा."

पहिला कागद असा: पैनगंगेकाठचं बावीस एकराचं वावर कै. रंगराव देशमुख यांनी मरणापूर्वी, १९५८ साली, आपली सून वच्छला हिला तोंडी देऊन टाकलं होतं, ते तिचं स्वतःचं आहे, तरी पटवाऱ्याच्या जमीन-पिकांच्या वहीत, पेरेपत्रकात, तिच्या नावाची नोंद व्हावी. दुसरा कागद असा: ते बावीस एकर मी राजीखुशीने माझे पती उत्तमराव यांना परत देत आहे. त्यावर तारीख नाही. तारखेची जागा कोरी.

मी विचारलं, "हे काय आहे?"

माणिकरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "सीलिंगचा कायदा आला ना बाईसाहेब. हद्दीपेक्षा जास्ती जमीन सरकार घेऊन राह्यलं. तुमच्या नावानं दाखवली म्हणजे सुटली. मंग सगळं थंड झालं का दुसऱ्या कागदावर तारीख टाकाची. नुसतं नावाले हाये, तुम्ही काही मनावर घेऊ नका."

नुसतं नावाला! अकरा वर्षं मी नुसती नावालाच आहे, आता जमीनसुद्धा नावालाच.

पहिला कागद मी दोनदा वाचायला लावला. मामंजींनी सुनेला वावर दिलं, ही तुम्ही रचलेली ओळ. ती ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. माणिकरावांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी झुंबरबाईला पाणी आणायला सांगितलं. मी गप्प का बसले, ते आज सांगत नाही.

पहिल्या कागदावर सही केली आहे. दुसरा ठेवून घेतला आहे. विचार करून कळवते, असा निरोप माणिकरावांपाशी दिला. ते म्हणाले, "साहेब चिडतीन." मी म्हणाले, चिडू द्या.

आणखी एक. गुरुजींनी मला एक वर्तमानपत्र दाखवलं. दाखवावं की नको, असं करत करत दाखवलं. अकोल्याची सभा, चीनच्या लढाईसाठी संरक्षण निधी. तुम्ही व्यासपीठावर आहात. शेजारी एक बाई हातातल्या बांगड्या काढून देते आहे. खाली छापलंय, 'श्री. व सौ. उत्तमराव देशमुख'.

त्या बाईचं नाव पुष्पाबाई, हे मला सात वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही कुठे राहता, कोणाबरोबर राहता, हे माहीत असून मी कधी पत्रात लिहिलं नाही. बायका विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, त्यांना अकोल्यात फार काम असतं. तुमची लाज मी झाकली. पण सौ. उत्तमराव देशमुख मी आहे! ते दोन शब्द तेवढे माझे होते. तुम्ही ते उचलून दुसऱ्या बाईला दिलेत, आणि त्याच महिन्यात माझ्याकडे माणूस पाठवलात, तुझं नाव वापरायला दे म्हणून.

तुम्हाला लाज कशी वाटली नाही?

वच्छला


टाकळी देशमुख
२१ जानेवारी १९६३

श्री. उत्तमराव देशमुख यांस,

तुम्ही येऊन गेलात त्याला आज सहा दिवस झाले. समोर बोलताना माझा आवाज चढला आणि निम्मं राहून गेलं. ते लिहिते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. तुम्ही उतरलात, हातात नागपूरची साडी. झुंबरबाई माजघरात धावत आली, "आले वं बाई, मालक आले!" तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तिच्यासाठी वाईट वाटलं. तुम्ही पाटावर बसलात, भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा मागून मागून खाल्लात. "असं जेवण अकोल्यात नाही मिळत," म्हणालात. मी वाढत राहिले. पाच मिनिटं, फक्त पाचच मिनिटं मला वाटलं, माणूस थकून घरी आला असेल.

मग हात धुतलेत आणि विचारलंत, "तो दुसरा कागद कुठे आहे?"

मी म्हणाले, "आहे. सही केली नाही."

"का?"

"तारीख नाही त्यावर."

तुम्ही हसलात. "वेडी आहेस. कागदच तो. नवराबायकोत असलं काय धरायचं?"

मी म्हणाले, "नवराबायको आहोत ना? मग एक करा. पुढच्या सभेला मला अकोल्याला घेऊन चला. मी शेजारी बसते. लोकांना सांगा, ही माझी बायको. मग आणा कागद, डोळे मिटून सही करते."

तुम्ही सुपारी कातरत बसलात. मग म्हणालात, "तिथलं वेगळं आहे वच्छला. तुला तिथे जमणार नाही."

"काय जमणार नाही? बसायला?"

तेव्हा तुमचा चेहरा बदलला. तुम्ही उठलात. मग जे बोललात ते मी तुमच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे पुढे तुम्ही नाही म्हणणार नाही. "तुला मूल नाही, माहेर नाही. भाऊ दारात उभा करायचा नाही. हे घर माझं, खातेस ते माझं. मार्चमध्ये मेहकरला त्या नोंदीची सुनावणी आहे. तिथे साहेबापुढे सांगायचं, वावर माझं आहे, सासऱ्यांनी दिलं. आणि घरी येऊन सही करायची. नाही म्हणून जाशील कुठे?"

साडी पलंगावर टाकून गेलात. जीपची धूळ अंगणात खाली बसेपर्यंत झुंबरबाई दारात उभी होती. मग म्हणाली, "एवढा झुणका हाणला, अन् हे बोलणं!" आणि डोळ्याला पदर लावला.

मूल नाही म्हणालात. अकरा वर्षांत तुम्ही या घरात किती दिवस राहिलात, ते एकदा स्वतःशी मोजा. मूल काय एकट्या बाईला होतं? गावातल्या बायका मला वाण द्यायला कचरतात, मला बाजूला बसवतात. तुम्हाला कोणी कशाला बाजूला बसवलंय? तुम्हाला व्यासपीठावर बसवतात!

साडी मी झुंबरबाईच्या लेकीला दिली. तिचं लग्न ठरलंय. तिला शोभेल.

सुनावणीला मी येईन. साहेब विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. तुम्ही काळजी करू नका.

वच्छला


टाकळी देशमुख
१८ मार्च १९६३

श्री. उत्तमराव देशमुख यांस,

परवा तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर तुम्ही माझा दंड धरलात. त्याचे वळ अजून आहेत. माणिकरावांनी तुम्हाला मागे ओढलं नसतं तर चार लोकांदेखत तुम्ही हात उचलला असता. म्हणून हे पत्र लिहून ठेवते आहे, आणि याची नक्कल गुरुजींपाशी दिली आहे.

तुम्हाला वाटतं मी तुम्हाला फसवलं. तर ऐका.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला खुर्ची दिली. विचारलं, "बाई, हे बावीस एकर तुमचं म्हणून नोंद मागितली आहे. तुम्हाला कोणी दिलं? केव्हा? कोणासमोर?" तुम्ही भिंतीशी बसून मंद हसत होतात. माणिकरावांनी मला पढवून ठेवलं होतं, तेवढंच मी बोलेन असं तुम्हाला वाटलं.

मी जे सांगितलं ते पढवलेलं नव्हतं.

१९५८ सालच्या मार्गशीर्षात मामंजींचा दमा वाढला होता. तुम्ही त्या वर्षी दसऱ्यालाही आला नव्हतात. एक दिवस सकाळी ते म्हणाले, सूनबाई, छकड्यात बस, वावरात जायचंय. मी घाबरले, सासऱ्याशेजारी छकड्यात बसायची रीत नव्हती. नदीकाठच्या वावरात गव्हाला पाणी चाललं होतं. सालदार पुंजाजी बारे देत होता. मामंजींनी त्याला हाक मारली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, श्वास लागला होता. म्हणाले, "सूनबाई, पोरगं माह्या हातचं गेलं. त्याले सुधरवनं आता मले होत नाही. तुह्यावर आमी अन्याव केला. हे वावर आजपासून तुहं. कोणी इचारलं तं सांगजो, सासऱ्यानं देल्लं म्हणून. पुंजाजी, आयकलं ना बे?"

पुंजाजी म्हणाला, "आयकलं मालक."

मेहकरला जाऊन कागद करतो म्हणाले होते. वीस दिवसांनी ते गेले. कागद राहिला. मी कोणाला काय सांगणार? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ओसरीवर जाऊन हसला असता. मी गप्प राहिले. पुंजाजीही गप्प राहिला, त्याला त्याची सालदारी सांभाळायची होती. आणि चार वर्षांनी तुम्हीच, सरकारला फसवायला म्हणून, तेच कागदावर लिहून पाठवलंत! खोटं लिहायला बसलात आणि खरं लिहून बसलात. त्या दिवशी मी गप्प का बसले होते, ते आता कळलं असेल.

साहेबांनी पुंजाजीला बोलावलं. तो धोतराचा सोगा हातात धरून आत आला. तुमच्याकडे बघून तो दाराशीच थांबला.

साहेब म्हणाले, "घाबरू नका. तुमच्यासमोर दिलं का?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "हाव साहेब. मालक काठी टेकून उभे होते. मी बारे देऊन राह्यलो होतो. माह्यासमोर सांगतलं त्यायनं. चार साल झाले. मले कोणी इचारलंच नाही, म्हणून मी बोललो नाही."

साहेबांनी तुम्हाला विचारलं, "तुमची काही हरकत?"

तुम्ही काय म्हणणार होतात? अर्जावर माझ्या सहीखाली तुमचीच संमतीची सही. हरकत घेतली असती तर सगळा अर्जच खोटा ठरला असता, आणि बाकीच्या जमिनीची चौकशी लागली असती. तुम्ही म्हणालात, "हरकत नाही." ते दोन शब्द लिहून घेतले गेले आहेत.

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही म्हणालात, "शाबास. आता घरी जाऊन सही कर." मी म्हणाले, नाही करणार. तेव्हा तुम्ही दंड धरलात.

पटवाऱ्याने काल नोंद केली. मी स्वतः चावडीवर गेले होते. 'वच्छला भ्रतार उत्तमराव देशमुख.' भ्रतार म्हणून तुमचं नाव लागतं, त्याला इलाज नाही. पण पहिलं नाव माझं आहे.

पुंजाजीला तुम्ही निरोप पाठवलात की पाडव्यापासून सालदारी बंद. त्याची बायको रडत माझ्याकडे आली. मी त्याला सांगितलं, नदीकाठचं वावर बटईने कर, निम्मं तुझं, निम्मं माझं. तो म्हणाला, "बाईसाहेब, मालक जिता नाही सोडाचे मले." मी म्हणाले, "आधी मला सोडतात का बघू."

घर तुमचं आहे, हेही खरं. महिनाअखेर मी ते सोडते. वावरात विहिरीजवळ कापूस ठेवायच्या दोन खोल्या आहेत. त्या झाडून, सारवून घेतल्या. झुंबरबाई माझ्याबरोबर येते आहे. तुमची ढोरं, तुमची भांडी, तुमचे फोटो, सगळं माणिकरावांना मोजून देते. किल्ल्या त्यांच्याकडे.

वच्छला देशमुख


नदीकाठचं वावर, टाकळी देशमुख
२९ मे १९६३

श्री. उत्तमराव देशमुख यांस,

तुम्हाला पुन्हा लिहायचं नव्हतं. पण तुम्ही जिला घराबाहेर काढलंत ती माझ्याकडे आहे, हे कळवणं भाग आहे, नाहीतर उद्या म्हणाल, बाई पळवली.

दहा दिवसांपूर्वी दुपारी उन्हाचा कहर होता. आम्ही कापसाच्या पऱ्हाटीच्या मुळ्या वेचून जाळत होतो. वावराकडे येणाऱ्या पांदीतून एक बाई येताना दिसली, हातात पत्र्याची पेटी, पायात एकच वहाण, दुसरी तुटून हातात घेतलेली. वर्तमानपत्रातला चेहरा होता. मी लगेच ओळखला.

झुंबरबाईनेही ओळखला. हातातलं खुरपं तसंच धरून पुढे गेली. "हिले इथंसा यायची हिंमत कशी झाली वं? बाईसाहेब, तुम्ही आत जा, मी पाहून घेतो हिले."

खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, तिला पांदीतच उभी ठेवावी. सात वर्षं मी या बाईला मनात शिव्या दिल्या आहेत. देवापुढे बसून दिल्या आहेत. पण ती सावलीपर्यंतही पोचली नाही, बांधावरच बसली आणि म्हणाली, "पाणी द्या हो. मग हाकला."

मी पाणी दिलं. तांब्या दोन्ही हातांत धरून ती सगळं प्यायली.

मग तिने सांगितलं. ती विधवा होती, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तुम्ही नोकरी सोडायला लावलीत. देवळात गळ्यात माळ घातलीत आणि सांगितलंत, गावी आईवडिलांनी करून दिलेली एक आहे, पण ती वेडसर आहे. मी वेडसर! पुष्पाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "सात वर्षं मी ते खरं धरलं. तुमचं पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात सापडलं, तेव्हा वाचलं. वेडी बाई असं लिहीत नाही."

जळगाव जामोदकडचं तुमचं सोळा एकराचं वावर तुम्ही तिच्या नावावर दाखवलंत. तिच्यापुढेही दोन कागद ठेवलेत. तिने दोन्हींवर सह्या केल्या, कारण तिने विश्वास ठेवला. आता तुम्हाला पुढच्या निवडणुकीचं तिकीट हवं, आणि पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आधी घर स्वच्छ करा. म्हणून दुसऱ्या कागदावर तारीख पडली आणि तिची पेटी रस्त्यावर आली. घर स्वच्छ करणं म्हणतात याला!

तिने मला विचारलं, "ताई, मी आता काय करू?"

मला राग आला तो तिचा नाही, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. इतकी वर्षं तो राग चुकीच्या दाराशी नेऊन टाकत होते. दोन बायकांना दोन गावांत ठेवून तुम्ही एकीला सांगितलंत दुसरी वेडी, आणि दुसरीला सांगितलंत तुला इंग्रजी येत नाही. आम्ही आपापल्या जागी बसून एकमेकींचा दुस्वास करत राहिलो. तुमचं काम सोपं झालं.

बुलढाण्याच्या एका वकिलांना गुरुजींनी पत्र दिलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे. ते म्हणतात, सही घेताना कागदावर तारीख नव्हती हे दाखवता आलं तर दावा उभा राहील. तसाच एक कागद, तुमच्या मुखत्याराच्या अक्षरातला, तारखेची जागा कोरी, सहीची जागाही कोरी, माझ्यापाशी आहे. उद्या सकाळच्या मोटारीने आम्ही दोघी बुलढाण्याला जातो. मी साक्षीदार. त्यात माझंही काही बाहेर येईल, पहिला अर्ज कशासाठी केला होता तेही विचारतील. विचारू दे. जे झालं ते सांगेन.

माणिकरावांना इकडे पाठवू नका. ते बिचारे तुमची कामं करून म्हातारे झाले. यायचं असेल तर स्वतः या, दिवसा या, आणि वावरात जीप घालू नका, पुंजाजीने नुकतीच वखरणी केली आहे.

पत्र लिहून होत आलं तेव्हा मी पुष्पाबाईला विचारलं, तुम्हाला काही लिहायचं आहे का? लेखणी तिच्या हातात दिली. ती गुडघ्यावर कागद घेऊन बसली. दोनदा टाक बुडवला, दोनदा वाळला. मग कागद माझ्याकडे परत दिला.

म्हणाली, "राहू द्या ताई. मी कोर्टातच बोलते."

वच्छला देशमुख